‘वॉटर पार्कात मास्क कशाला?’ या फिरत्या मेसेजला उत्तर

कोविडच्या नव्या व्हेरियंटची बातमी आली की एक मेसेज आमच्या गोव्यातल्या ग्रुपांवर हमखास उगवतो. सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, अगदी देवस्थानच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर इकडेतिकडे बदलतो, गाभा तोच. थीम पार्क, वॉटर पार्क, कार्निव्हाल ही उघड्यावरची मौज, उघड्यावर धोका कमी, तिथे साथीच्या काळात मास्कची सक्ती म्हणजे शुद्ध वेडेपणा. विषाणू मास्कच्या भोकांतून आरामात जातो. मुलांना श्वास पुरत नाही. डिस्नेने मास्क काढले, काही झालं नाही. आपल्याकडे २०२१चा कार्निव्हाल झाला, तेव्हाही काही झालं नाही. सक्तीने पर्यटनाचं वाटोळं होतं. ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं. शेवटी हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

यातलं एक वाक्य खरं आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

उघड्यावर धोका कमी, हे बरोबर. चीनमध्ये साथीच्या पहिल्या महिन्यांतले तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ उद्रेक तपासले गेले, ते सगळे बंदिस्त जागेतले निघाले. उघड्यावर लागण झाल्याचं एकच प्रकरण सापडलं, त्यात दोन रुग्ण. तेव्हा मिरामारच्या वाळूवर वारा खात एकटं फिरणाऱ्याने मास्क लावला काय, नाही लावला काय, फारसा फरक पडत नव्हता. एकट्या स्कूटरवाल्याला अडवून पावती फाडण्याने साथ अडत नाही, हेही मान्य.

पण वॉटर पार्क म्हणजे नुसती घसरगुंडी नव्हे. घसरगुंडीवर माणूस काही सेकंद असतो, बाकी वेळ तो कुठे असतो ते बघा. तिकीट खिडकीपाशी रांगेत. मग कपडे बदलायच्या खोलीत. ओली फरशी, वर एक एक्झॉस्ट फॅन, खिडकी असली तर काच रंगवून बंद केलेली, मनगटाला रबरात अडकवलेली लॉकरची चावी, आणि एका बाकावर बूड टेकायला जागा मिळावी म्हणून ताटकळणारी माणसं. मुलाचा चष्मा हरवलेला असतो, कुणी टॉवेल कुठे ठेवला म्हणून ओरडत असतो. तिथून जिन्याच्या रांगेत, पुढच्याच्या पाठीला ट्यूब टेकवून पायरी-पायरीने वर. जेवायला एसी रेस्टॉरंटात. आणि परतताना टुरिस्ट बसच्या बंद काचांआड गाणी म्हणत. आता या दिवसातला ‘उघड्यावरचा’ वेळ किती, ते मोजा. पणजीला मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंचं तर विचारूच नका. जेटीवरून छोट्या बोटीत दाटीवाटीने जायचं, आणि आत पोचल्यावर मजल्यांवर मजले, सगळे वातानुकूलित. नदीत उभं आहे म्हणून ते उघड्यावरचं होत नाही.

त्यात अशा ठिकाणी माणसं ओरडतात. मौज त्यासाठीच असते. जितका आवाज मोठा, तितके तोंडातून उडणारे सूक्ष्म कण जास्त, हे कोविड येण्याआधीच मोजलं गेलं होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी ६१ जण एका हॉलमध्ये समूहगानाच्या तालमीला जमले. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. म्हणून तर जपानच्या मनोरंजन उद्यानांनी उघडताना रोलर कोस्टरवर ओरडू नका अशी विनंती केली होती. फुजी-क्यू हायलँडच्या दोन साहेबांनी मास्क लावून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता कोस्टरची फेरी मारली आणि व्हिडिओच्या शेवटी सांगितलं, मनातल्या मनात ओरडा. लोक हसले, पण त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता.

पुढचा मुद्दा भोकांचा. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची भोकं त्याहून मोठी, म्हणजे तारेच्या कुंपणाने डास अडवण्यासारखं.’ वाचायला झकास. पण विषाणू सुटा, एकटा उडत नाही. तो थुंकीच्या आणि श्वासाच्या थेंबांत बसून येतो, आणि ते त्याच्यापेक्षा मोठे असतात. शिवाय चांगला मास्क चाळणीसारखा नुसत्या भोकाच्या मापावर चालत नाही. एन-९५ या जातीच्या मास्कच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, त्याला कण चिकटतात. फार बारीक कण सरळ रेषेत न जाता भरकटतात आणि धाग्यावर आदळतात. अडवायला सगळ्यात कठीण असतात ते साधारण ०.३ मायक्रॉनचे कण, आणि एन-९५ची चाचणी नेमकी त्यांच्यावर घेऊन ९५ टक्के अडले तरच तो पास होतो.

प्रयोगशाळेतलं ठीक, पण माणसं तो हनुवटीवर लावतात त्याचं काय? हा प्रश्न मेसेजमध्ये नाही, असायला हवा होता, कारण तो खरा प्रश्न आहे. बांगलादेशात २०२०-२१मध्ये सुमारे ६०० गावांत तो तपासला गेला, साडेतीन लाखांच्या आसपास माणसांवर. मास्क फुकट वाटले, समजावलं, मशिदीत-बाजारात आठवण केली, तेव्हा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तरीही लावत नव्हतेच. तेवढ्यानेही सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह खात्रीशीर संसर्ग ११ टक्क्यांनी घटला, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. मास्क म्हणजे चिलखत, असं कोणी सांगत असेल तर तेही खोटंच. पण ‘काही उपयोग नाही’ याला हे आकडे पुरेसं उत्तर आहेत.

मुलांचा श्वास. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू थेंबांच्या मानाने इतके लहान की ते मास्कमधून निवांत ये-जा करतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावूनच उभे असतात. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने २०२०मध्येच सांगितलं होतं. आणि पाण्यात तर कुणीच लावू नये. भिजलेलं कापड नाकाला चिकटलं की खरंच गुदमरायला होतं. मेसेजवाल्यांनी हे ऐकीव घेतलं आणि कोरड्या मास्कलाही लावून टाकलं. फ्लोरिडातलं डिस्नेचं वॉटर पार्क मार्च २०२१मध्ये उघडलं तेव्हा नियम साधा होता: पाण्यात आणि घसरगुंडीवर मास्क काढा, बाकीकडे लावा.

डिस्नेचं नाव आलंच आहे, तर तारखा मांडू. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२०ला उघडलं ते दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क सक्तीचा करून, उन्हात उभं असलं तरी. खायचं-प्यायचं तर एका जागी थांबून. राइडवर कुणी मास्क खाली ओढला तर राइडवरचा फोटो मिळायचा नाही. दंडापेक्षा ही शिक्षा जास्त लागू पडली असेल असं मला वाटतं. गर्दीवर मर्यादा, मिरवणुका बंद, आतषबाजी बंद. उघड्यावरची सक्ती मे २०२१मध्ये गेली, लस घेतलेल्यांची आतलीही १५ जूनला गेली. आणि डेल्टा हा नवा व्हेरियंट पसरताच ३० जुलैपासून आत सगळ्यांना, लस घेतलेल्यांनाही, मास्क परत आला. फेब्रुवारी २०२२पर्यंत राहिला. ‘मास्क काढले आणि काही झालं नाही’ हे वाक्य त्या मधल्या सहा आठवड्यांवर उभं आहे.

आता घरचा विषय. २०२१च्या फेब्रुवारीत कार्निव्हालची मिरवणूक पणजी आणि मडगावला झाली, हे खरं. त्यानंतर आठवड्याभरात काही झालं नाही, हेही मानून चालू. पण एप्रिल आणि मे आठवतात ना? मेच्या सुरुवातीला तपासलेल्या दर दोघांत एक पॉझिटिव्ह निघत होता. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, २६ रुग्ण दगावल्याचं खुद्द आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितलं. कार्निव्हालमुळेच ती लाट आली, असा माझा दावा नाही. देशभर डेल्टा होता, आणि ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा घोळ ही वेगळीच कथा. पण ज्यांनी तो महिना बांबोळीच्या आवारात काढला, त्यांच्या ग्रुपवर ‘काही झालं नाही’ असं फॉरवर्ड करायला निबरपणा लागतो.

‘सक्तीने पर्यटनाचं वाटोळं होतं.’ कॅसिनो १ नोव्हेंबर २०२०ला निम्म्या क्षमतेवर उघडले, एप्रिल २०२१मध्ये बंद झाले आणि थेट २० सप्टेंबरला उघडले. ते पाच महिने धंदा मास्कने खाल्ला नाही. मास्क लावून चालू राहिलं ते फ्लोरिडातलं डिस्ने. कॅलिफोर्नियातलं मार्च २०२० ते एप्रिल २०२१ कुलुपातच होतं. धंद्याची काळजी असणाऱ्याने यातलं काय निवडावं, हे म्हापशाच्या बाजारातली कोणतीही मावशी सांगेल.

राहिलं ‘ज्याला भीती त्याने घरी बसावं’. हे लिहिणारा स्वतःला गिऱ्हाईक समजतो. लॉकरच्या काउंटरवरची पेडण्याची मुलगी घरी बसली तर पगार कोण देणार? पाहुणा वर्षातून एकदा चार तास येतो, ती रोज आठ तास तिथे असते आणि दिवसभरात शेकडो तोंडं तिच्यासमोर दोन हातांवर बोलून जातात. संध्याकाळी ती कदंबच्या बसने घरी जाते, घरात आजी असते. तिने एकटीने मास्क लावला तर तिचा थोडा बचाव होतो. समोरच्यानेही लावला तर थेंब उगमापाशीच अडतो. आणि नियम नसेल तर तिने बोलायचं कुणाच्या जोरावर? दहा जणांच्या, दोन बिअर झालेल्या घोळक्याला ‘सर, मास्क’ म्हणून बघा. ‘मालकाला बोलव’ हे उत्तर ठरलेलं. फाटकावर पाटी असली, तिकिटावर छापलेलं असलं, तर निदान पाटीकडे बोट दाखवता येतं. सक्तीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

नियम सरसकट नको, जागेप्रमाणे हवा. साथ चढती असेल तेव्हाच, पाच वर्षांवरच्यांना, रांगेत, कपड्यांच्या खोलीत, बोटीत, बसमध्ये, छताखाली. पाण्यात नाही, रिकाम्या हिरवळीवर नाही. आणि पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाकडे कोरडा मास्क नसतोच, त्यामुळे लॉकरच्या चावीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत एक सर्जिकल मास्क पार्कनेच द्यावा, तिकिटाच्या पैशांत.