हाल तेलाअभावी होत नाहीत
पेट्रोल-डिझेलसारखं तेल कमी वापरायचं म्हणजे हाल सोसायचे, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. १९७३ च्या तेलटंचाईत नेदरलँड्समध्ये रविवारी गाड्या बंद ठेवल्या, तर लोक रिकाम्या हमरस्त्यांवर सायकली घेऊन उतरले. माझे वडील नाशिकमध्ये पंचवटीहून सातपूरला कारखान्यात सायकलनेच जायचे, हँडलला डबा अडकवून. त्यांच्या तोंडून कधी कुरकुर ऐकली नाही.

हाल आत्ता होतायत. आमच्या अंबडच्या कंपनीने कामगारांची बस बंद केली. दुसरी पाळी सुटली की रात्री गेटबाहेर, त्या एका दिव्याखाली, सगळे शेअर रिक्षाची वाट बघत उभे. तीनदा अर्ज दिला, साधं उत्तरही नाही. नाइलाजाने पोरांनी हप्त्यावर दुचाकी घेतल्या. एका बसचं डिझेल वाचवलं आणि चाळीस गाड्यांचं पेट्रोल रोज जळतंय, तेही कामगाराच्या खिशातून!