लॉज शाबूत ठेवून रिकामं कसं करावं: नव्या मास्टरांसाठी काही सूचना

अभिनंदन! फ्रीमेसन या जुन्या बंधुमंडळाच्या तुमच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, इन्स्टॉलेशन (पदग्रहण) पार पडलं, गळ्यात मास्टरची, म्हणजे शाखाप्रमुखाची, कॉलर आली, हातात गॅव्हेल (छोटा हातोडा) आला आणि पूर्वेची खुर्ची वर्षभरासाठी तुमची झाली. आता जबाबदारी एकच. तुमच्या कारकिर्दीत काही म्हणता काही बदलता कामा नये. लॉज ओस पडलं तरी चालेल, पण पडायचं ते रीतसर, जुन्या वहिवाटीनुसार पडलं पाहिजे.

त्यासाठी पहिलं पथ्य म्हणजे फ्रीमेसनरीचा इतिहास वाचायचा नाही. वाचलात की पंचाईत. 24 जून 1717 ला लंडनमधल्या चार लॉजेसनी एका मद्यगृहात जमून पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसवरची मध्यवर्ती संस्था, काढलं, असं आपण सांगतो. सभासदाला टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या तीन पदव्यांपैकी ज्या तिसरीचं नातं आपण थेट सॉलोमन राजाच्या मंदिराशी जोडतो, तिचे पुरावे मात्र 1720 च्या दशकापासूनचे आहेत. पुढे 1751 साली लंडनमध्येच दुसरं ग्रँड लॉज निघालं. ते नवं, म्हणून त्याने स्वतःला 'प्राचीन' म्हणवलं आणि 34 वर्षं जुन्या मंडळींना 'आधुनिक' म्हणून हिणवलं! ही भाऊबंदकी 27 डिसेंबर 1813 ला मिटली, आणि मग रिच्युअल, म्हणजे विधीचा पाठ, नेमकं कोणतं म्हणायचं हे ठरवण्यासाठी समेटाचं एक खास लॉज बसवावं लागलं. 1986 साली इंग्लंडच्या ग्रँड लॉजने शपथांमधल्या गळा चिरण्यासारख्या शिक्षासुद्धा काढून टाकल्या. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला 'आपल्यात कधीच काही बदललेलं नाही' हे वाक्य छातीठोकपणे म्हणता येत नाही. मास्टरचं निम्मं काम त्या वाक्यावर चालतं.

तेव्हा कामापुरती व्याख्या लक्षात ठेवा. हजर असलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ पास्ट मास्टर (माजी मास्टर) ज्या वर्षी लॉजमध्ये आले, त्या वर्षी जे जसं होतं ती अनादी परंपरा. टेबलांची मांडणी, समन्सचा, म्हणजे सभेच्या बोलावण्याचा, कागद, सभेची वेळ, सगळं त्यात आलं. दुपारी चारला सभा का, असं एखाद्या नोकरदार ब्रदरने, म्हणजे सभासदाने, विचारलंच तर त्याच्याकडे करुणेने पाहा. वेळ बदलायची तर एका सभेत नोटीस द्यायची, पुढच्या सभेत मत घ्यायचं, मग उपनियमाला वरची मंजुरी आणायची, एवढंच काम असतं. म्हणूनच तो विषय निघू द्यायचा नाही.

नवा माणूस चौकशी करू लागला तर सेक्रेटरीने तीन महिन्यांनी उत्तर द्यावं. एवढं थांबूनही तो टिकला तर प्रस्तावक, अनुमोदक आणि मुलाखतीची समिती आहेच. समितीने त्याला 'तुम्हाला का यायचंय?' असं चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारावं. त्याच्या प्रश्नांना मात्र हसून बगल द्यावी. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, दर सभेच्या जेवणाचा खर्च, एप्रनचा खर्च, वर्षाकाठी किती संध्याकाळी जाणार, त्यात तालमीच्या किती, हे सगळं एका कागदावर मावतं. तो कागद घरी नेऊन त्याने बायकोशी बोलायचं आणि मग ठरवायचं, अशी चूक काही लॉजेस करतात. त्यांच्याकडे माणसं कमी येतात आणि येतात ती टिकतात. आपल्याला उलट करायचंय. पटापट घ्यावेत, तिसरी पदवी मिळेपर्यंत हातावर झेलावेत आणि दुसऱ्या दिवसापासून विसरून जावेत.

मतदानाची पेटीही नीट वापरा. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार, आणि हात पेटीत पुरता आत जात असल्याने कुणी काय टाकलं ते कळत नाही. उमेदवाराबद्दल खरोखर शंका असेल तर ती आधी प्रस्तावकाच्या कानावर घालायची, म्हणजे त्याला नाव गुपचूप मागे घेता येतं आणि कुणाचाच अपमान होत नाही. हा शहाणपणा टाळावा. इंग्लंडच्या नियमानुसार तीन काळे गोळे पडले की नकार होतो, पण उपनियम करून ही संख्या कमी करता येते. एकावर आणावी. मग उमेदवाराशी वैर असण्याचीही गरज उरत नाही, प्रस्तावकाशी असलं तरी भागतं.

आता मुख्य गोष्ट, रिच्युअल. ते तोंडपाठ म्हणायचं असतं आणि त्याचा एक सरळ रस्ता आहे. रोज पंधरा मिनिटं, उभं राहून, मोठ्याने म्हणायचं. आधी वाक्याचा अर्थ लावायचा, मग शब्द बसवायचे. शेवटचा परिच्छेद आधी पाठ करायचा, म्हणजे जसजसे पुढे सरकाल तसतसा मजकूर ओळखीचा होत जातो आणि धीर येतो. फरशीवर कुठे वळायचं, विधीतली गवंड्याची हत्यारं कुठल्या हाताने उचलायची, याची तालीम शब्दांबरोबरच करायची, कारण शब्द पायांना चिकटून आठवतात. हे सगळं वर्ज्य समजा. आदल्या रात्री अंथरुणात पडून छोट्या निळ्या पुस्तकावरून नजर फिरवा. त्यात अडचणीच्या जागी शब्दांऐवजी नुसती आद्याक्षरं असतात. मनात वाचताना ती गुळगुळीत सरकतात आणि उभं राहिल्यावर नेमकी तिथेच गाडी अडते.

अडली की खरा सोहळा सुरू होतो. आठवण करून देण्याचं काम एकाच माणसाकडे हवं, असा संकेत आहे. बहुतेक ठिकाणी ते मास्टरच्या डाव्या हाताला बसलेल्या मावळत्या मास्टरकडे असतं. बोलणारा थांबला तर त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं. नजर स्थिर असेल तर त्याने मुद्दाम विराम घेतलाय, भिरभिरली तर विसरलाय. विसरला असेल तर पुढचे दोन-तीन शब्द, स्पष्ट आणि एकदाच. तुमच्या लॉजमध्ये असला नेमस्तपणा नको. पहिल्या सेकंदाला उत्तरेकडून एक शब्द यावा, दक्षिणेकडून दुसरा, मागच्या बाकावरून 'आमच्या वेळी इथे असं नव्हतं' हा अभिप्राय यावा, आणि वाजवी विराम घेणारा माणूसही गांगरून खरोखर विसरावा.

या वेळी, म्हणजे प्रवेशाच्या विधीत, उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, हेही ध्यानात असू द्या. त्याला ना खोली दिसते ना चेहरे, त्या संध्याकाळची सगळी मदार कानांवर. पानांची सळसळ, खुसखुस, कुणाच्या तरी खिशातला फोन, 'डावा पाय, डावा!' असं दबक्या आवाजातलं ओरडणं, हे सगळं तो आयुष्यभर लक्षात ठेवणार असतो. जन्मात एकदाच मिळणारी संध्याकाळ आहे. दणक्यात वाया घालवा.

पट्टी सुटल्यावर त्याला पांढरं कोकराच्या कातड्याचं साधं एप्रन बांधतात. हे रोमन गरुडाहून प्राचीन आणि मोठमोठ्या राजचिन्हांहून मानाचं आहे, असं गंभीरपणे सांगतात. त्यानंतर तो आणि आपण सगळे मिळून ते शक्य तितक्या लवकर उतरवण्याच्या मागे लागतो. दुसऱ्या पदवीला खाली दोन फुलं, तिसरीला आणखी एक फूल, आकाशी किनार आणि प्रत्येकी सात साखळ्यांचे दोन रुपेरी गोंडे, मग केव्हातरी वरच्या पदाधिकाऱ्यांचा गडद निळा रंग आणि सोनेरी कशिदा. ब्रदर्सनी समपातळीवर भेटावं, हे आपलं मूल्य आहेच. फक्त गडद निळेवाले नंतर, सर्व उभे असताना, मिरवणुकीने आत येतात.

त्याच संध्याकाळी त्याच्या हाती 24 इंची पट्टी देतात. इंच म्हणजे दिवसाचे तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडल्यानडल्या मित्राला, आणि तेही स्वतःचं नि घरच्यांचं नुकसान न होऊ देता. हे ऐकवून झालं की जेवणाच्या टेबलावर त्याला वर्षाचं वेळापत्रक द्या: सभा, तालमी, इतर लॉजेसच्या भेटी, समित्या. तास कुठल्या वाट्यातून काढायचे ते त्याची बायको सांगेल.

पदांची शिडीही थांबू द्यायची नाही. स्ट्यूअर्ड, इनर गार्ड, ज्युनिअर डीकन, सीनिअर डीकन, ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन, मास्टर. दर वर्षी प्रत्येकाने एक पायरी वर सरकायचं, जमो वा न जमो. चार लोकांत तोंड न उघडणारा, पण हिशोबात चोख माणूस ट्रेझरर म्हणून सोन्यासारखा असतो, म्हणून त्याला डीकन करावं. सभासद आटले की पास्ट मास्टरांनाच पुन्हा खालून वर चढवावं. तीच माणसं, तेच कोट, नवी कॉलर.

इतिवृत्त आधी पाठवून 'वाचल्याचं समजावं' म्हटलं की वीस मिनिटं वाचतात. वाचवू नयेत. तेवढ्यात दाराबाहेरचा पहारेकरी, म्हणजे टायलरही, तलवार टेकून डुलकी काढून घेतो.

जेवणाच्या टोस्टकडे, म्हणजे पेला उंचावून द्यायच्या शुभेच्छांकडे, मात्र जातीने लक्ष द्या. ग्रँड मास्टर, ग्रँड ऑफिसर्स, मास्टर, नवा ब्रदर, पाहुणे, गैरहजर ब्रदर्स, प्रत्येकाला एक टोस्ट, बऱ्याच टोस्टना उत्तर, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'मी फार वेळ घेणार नाही' अशी. शेवटचा टोस्ट टायलरचा. तो जगभर विखुरलेल्या गरीब आणि संकटात सापडलेल्या ब्रदर्ससाठी असतो. त्यांची दुःखं लवकर सरोत, म्हणून. तोवर निम्मी मंडळी शेवटच्या गाडीसाठी निघून गेलेली असावीत, अशा बेताने भाषणं लांबवायची.

त्या गरीब ब्रदर्सचं प्रत्यक्ष काम आल्मनरकडे असतं. त्याला लागते एक वही: नाव, फोन, घरच्या माणसाचं नाव, मागच्या वेळी कधी बोललो. लागोपाठ दोन सभा चुकवणाऱ्याला तिसरीच्या आत फोन, आणि गेलेल्या ब्रदर्सच्या पत्नींना वर्षातून दोनदा तरी. यात फोटो निघत नाही, म्हणून हे पद वयोवृद्ध आणि कानाने मंद ब्रदरला द्यावं. देणगीचा मोठा पुठ्ठ्याचा चेक धरायला तुम्ही आहातच. वर्गणी थकली तर आधी नोटीस पाठवा, विचारपूस नंतर. इंग्लंडच्या नियमांत सलग दोन वर्षं थकबाकी राहिली की सभासदत्व आपोआप संपतं. तो आजारी होता की नोकरी गेली होती, हे विचारण्याचा प्रसंगच येत नाही.

गुप्ततेचं काय? रिच्युअलचा गौप्यस्फोट लंडनमध्ये 1730 सालीच छापून विकला गेला, त्यामुळे उरलेल्या गोष्टी तरी कडेकोट ठेवायला हव्यात: सभेची तारीख, सेक्रेटरीचा फोन नंबर आणि आपण कुणाला मदत करतो ते. स्त्रियांचा प्रश्न निघाला तर 'असलं काही नसतंच' म्हणा. पॅरिसमध्ये 1893 पासून स्त्री-पुरुषांचं संयुक्त मेसनिक संघटन आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावं एवढीच प्रार्थना. आणि लॉजमध्ये धर्म नि राजकारणावर वाद नको हा 1723 च्या मेसनिक संविधानापासूनचा दंडक काटेकोर पाळा. व्हॉट्सअॅप ग्रुपला तो लागू नाही असं धरून चालायची पद्धत आहे. तिथे सकाळी सहापासून दोन्ही विषय घ्यावेत, जे गप्प राहतात त्यांना देशाची पर्वा नाही असं सुचवावं, आणि 'अमुक ब्रदर ग्रुप सोडून गेले' ही ओळ दिसली की तिच्यावरही चर्चा करावी.

एवढं निष्ठेने केलंत तर आठ-दहा वर्षांत फळ मिळेल. तीन लॉज चालवतात, पाच ते धरून ठेवतात, सात असले तर ते पूर्ण, असं आपलं जुनं गणित आहे. सातवा सापडेनासा झाला की सनद परत करायच्या तयारीला लागा. ट्रेझररचे हिशोब तपासून घ्या, देणी फेडा, कॉलर्स, दागिने आणि इतिवृत्ताच्या वह्यांची यादी करून वर पाठवा. एकच तांत्रिक अडचण उरते. शेवटच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायला पुढची सभा भरवावी लागते. तिला माणसं कुठून आणायची, ते ज्येष्ठ पास्ट मास्टरांनाच विचारा. ते सांगतील की त्यांच्या वेळी असं काही होत नव्हतं.