पुश केलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही

मुंबईतल्या कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: कोड गिटहब या वेबसाइटवर पुश केला (लॅपटॉपवरून तिथे चढवला) की वेगळा बॅकअप नको, रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) प्रायव्हेट असेल तर पासवर्ड त्यातच ठेवले तरी चालतात, आणि गिटहब बंद पडलं की गिटही बंद, म्हणजे काम ठप्प. नुकती कामाला लागलेली मुलं हे खरं मानून चालली आहेत, म्हणून लिहितोय.

तिसरा दावा आधी घेतो, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर. ते लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलं. गिटहब आलं २००८ मध्ये. गिट चालतं तुमच्या लॅपटॉपवर. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट ही रेपोची प्रत ठेवण्याची आणि टीमने मिळून काम करण्याची ठिकाणं. पावसात लोकल कुर्ल्याला तासभर अडकली आणि नेट गेलं, तरी कमिट (बदलांच्या नोंदी) होतात, ब्रँच (कामाची वेगळी फांदी) काढता येते, जुना इतिहास चाळता येतो. अडतं ते पुश आणि पुल (तिथले बदल आपल्याकडे उतरवणं).

आता बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे एकाहून एक मार्ग होते, पण ऐनवेळी बहुतेक निकामी निघाले. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावलं. त्या सहा तासांतले इश्यू (अडचणींच्या आणि कामांच्या नोंदी), कॉमेंट, मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) कायमचे गेले. कोडचे रेपो मात्र शाबूत राहिले. कोड स्पेसेस या कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचं नशीब तेवढंही नव्हतं: २०१४ मध्ये हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन क्लाउड खात्यात शिरून बहुतेक डेटा आणि बॅकअप उडवले, आणि कंपनीच बंद झाली. बॅकअपही त्याच खात्यात होते, हे विसरू नका.

आमच्याकडे अंधेरीच्या ऑफिसात एका शुक्रवारी सहकाऱ्याने भलत्याच ब्रँचवर फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास बाजूला सारून आपला चढवणारा पुश) मारला. तीन दिवसांचं काम ब्रँचवरून गायब. सर्व्हरने सांगितलं तेच केलं, त्याची काय चूक? टीममधल्या एका मुलीने दुपारी पुल केलं होतं आणि ती विरार लोकल पकडायला निघाली होती. फोन करून तिला प्लॅटफॉर्मवरून परत बोलावलं. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला, गिट लॉग (कमिटची यादी दाखवणारी कमांड) मारला, आणि आमचे कमिट एकाखाली एक दिसले. तेव्हा जीव भांड्यात पडला.

पण तिच्या क्लोनमध्ये (रेपोच्या तिच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत) इश्यू किंवा पुल रिक्वेस्टवरची (मर्ज रिक्वेस्टचंच गिटहबवरचं नाव) चर्चा नव्हती. क्लोनमध्ये ती येतच नाही. म्हणून मी रोज रात्री मिरर क्लोन (सगळ्या ब्रँचसकट पूर्ण प्रत) दुसऱ्या मशीनवर घेतो, इश्यू एपीआयमधून (प्रोग्रॅमने डेटा मागवायच्या सोयीतून) वेगळे उतरवतो, आणि महिन्यातून एकदा त्यातून रेपो पुन्हा उभा करून बघतो.

राहिला पासवर्डचा दावा. प्रायव्हेट म्हणजे परवानगी असलेल्यांनाच दिसणारा, एवढंच. क्लोन केलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर तो पासवर्ड पोचलेला असतो. पुढच्या कमिटमध्ये ओळ काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. चुकून गेलाच असेल, तर इतिहास साफ करणं नंतर. आधी तो पासवर्ड बदला.