कूलर घेऊन राहिलो

नागपुरात मार्च महिन्यात "कूलर घ्यायचाय" असं चारचौघांत बोलू नये. मी बोललो, तेही जेवताना. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दोन आहेत ना आपल्याकडे. खसच्या ताट्या तेवढ्या बदलायच्या. तिसरा काहून?"

"तो नाही बाबा. कॉम्प्युटरचा."

"कॉम्प्युटरला कूलर?" असं म्हणून त्यांनी घास उचलला. पण बातमी भिंतीपलीकडे गेली होती. संध्याकाळी शेजारचे काका फाटकातूनच ओरडले, "प्लास्टिकचा घेऊ नको बरं! पत्र्याचा बनवून घे, तीस वर्षं मरत नाही!" मला हवा होता तो कूलर तळहातावर मावणारा होता. हे काकांना समजावण्यापेक्षा मी "हो हो, पत्र्याचाच" म्हटलं.

ज्या इमारती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत त्यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. बिल्डर नकाशा देतो. मी त्यातून गॅलरी, गॅलरीतलं ऊन, उन्हातली कुंडी आणि कुंडीशेजारी हसणारं चौकोनी कुटुंब तयार करतो. हे कुटुंब हसवायला फार ताकद लागते. जुना कॉम्प्युटर त्यापायी थकला होता. शिवाय गुडघाभर उंचीचा तो कॅबिनेट टेबलाखाली बसायचा, आणि मुलगी दहावीत गेल्यापासून टेबलाखालची जागा तिच्या पायांच्या मालकीची झाली होती. बायकोनं कपाटातला एक कप्पा दाखवला. "यात बसेल तो आणा."

म्हणून छोटी पेटी. खरं सांगायचं तर कप्पा हे निमित्त होतं, पेटी मला आवडली होती. या छोट्या पेट्या दुधासारख्या लिटरवर मोजतात. माझी दहा लिटरची.

"म्हणजे आपल्या मोठ्या कुकरपेक्षा जरा मोठी," बायको म्हणाली. कुकर हा शब्द तिच्या तोंडून तेव्हा का निघाला, हे मला महिनाभरानं कळलं.

पेटी लहान घेतली तर प्रोसेसरही, म्हणजे कॉम्प्युटरचा तापणारा मेंदूही, बेताचा घ्यावा, असं शहाणा माणूस म्हणेल. मी एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स घेतला. २०२२ सालचा, सोळा कोअरचा, म्हणजे सोळा हातांनी काम करणारा, स्वस्तात मिळाला. खोक्यावर लिहिलं होतं १७० वॅट. पण हा आकडा लग्नात मुलाकडचे सांगतात तसला असतो: १७० येणार म्हणतात आणि पंगतीला २३० बसतात. पूर्ण जोरात हा प्रोसेसर खरोखरच २३० वॅटपर्यंत जातो. म्हणजे छताचे तीन पंखे जेवढी वीज खातात तेवढी, नखाएवढ्या दोन-तीन चकत्यांमध्ये. वर कंपनीचं म्हणणं असं की ९५ अंशांपर्यंत तापला तरी काळजी नको, तो तसाच बनवलाय.

बाबांनी हे ऐकलं मात्र, ते एकदम माझे झाले. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी वाफ, पाणी आणि ते उंच कूलिंग टॉवर पाहिले. "मग कूलर केवढा बसते आतमध्ये?" त्यांनी विचारलं.

"पंचावन्न मिलिमीटर."

त्यांनी हाताची तीन बोटं एकत्र करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तोच भाव, जो माझा बारावीचा निकाल पाहताना होता.

इथून पुढचे तीन आठवडे मी मिलिमीटरमध्ये जगलो. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ नावाची कंपनी आहे. तिचे पंखे चहा-बिस्किटाच्या रंगाचे, आणि लोक ते रंग अभिमानानं मिरवतात. तिचा थोरला कूलर एनएच-डी१५ हा १६५ मिलिमीटर उंच, पंख्यांसकट १ किलो ३२० ग्रॅम. तो माझ्या पेटीत बसवायचा तर पेटीच त्याच्यावर टांगावी लागली असती. धाकटा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटरचा. तो सहज बसतो, पण त्याच्यावर २३० वॅट सोडणं म्हणजे चहाच्या गाळणीनं गोसेखुर्द धरणाचं पाणी गाळणं.

पुण्याच्या होस्टेलातून भाच्याचा फोन आला. "मामा, लिक्विड घे. सोड ना एअर." लिक्विड म्हणजे प्रोसेसरवर पाण्याचा छोटा पंप, दोन नळ्या आणि लांब रेडिएटर. पाणी म्हटल्यावर बाबाही खूश. पण साधारण सत्तावीस सेंटिमीटर लांब रेडिएटर, त्यावर पंखे, दोन्ही मिळून बावन्न मिलिमीटर जाडी. ती जागा चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डानं आधीच अडवली होती. कार्ड काढलं तर पाणी बसेल, पण मग कॉम्प्युटर कशाला? प्रकरण मिटलं.

शेवटी पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपासचा एक मागवला. त्याच्या चाचण्या मी बाबांना दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकच ओळ वाचली.

"खोली किती अंशांची धरली यांनी?"

"एकवीस."

"आपली खोली मे महिन्यात दुपारी अडतीस. वरचे सतरा कोण घेणार? तू?"

याला उत्तर नव्हतं. हवेचा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही; खोली सतरा अंशांनी वर गेली की आतला प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश झाले होते, याची आठवण बाबांनी स्वतः थर्मामीटर धरून उभे असल्यासारखी करून दिली.

जोडणी रविवारी केली. मदरबोर्ड सतरा सेंटिमीटरचा चौकोन, आपली मोठी पोळी त्याच्या बाहेर जाईल. त्यावर सगळं दाटीवाटीनं बसलेलं, बोट घालायला जागा नाही. कूलरचा स्क्रू हातातून सुटला आणि कुठेतरी आत टणकन वाजला. तो काढायला बायकोची भुवया कोरायची चिमटी लागली. उष्णता कूलरकडे जावी म्हणून प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये राखाडी मलम लावतात. ते किती लावायचं यावर जगात दोन पंथ आहेत, मटाराएवढ्या थेंबाचा आणि फुलीचा. मी विचारात पडलो, तेव्हा आई मागून म्हणाली, "वरणावर तूप घालतो तेवढं घाल." तेवढंच घातलं. या सगळ्या प्रकरणात बिनचूक ठरलेला सल्ला तो एकच.

झाकण लावलं, कप्प्यात ठेवलं, हसणाऱ्या कुटुंबाला कामाला लावलं. चौथ्या सेकंदाला ९५ अंश. पंख्यानं जो सूर लावला तो आधी केस वाळवायच्या यंत्राचा होता, मग हळूहळू मिक्सरचा झाला. व्हिडिओ कॉलवर एका बिल्डरनं अदबीनं विचारलं, "वहिनी चटणी वाटून राहिल्या काय? आपण नंतर बोलू." प्रोसेसर तापला की तो जळत नाही, स्वतःच हळू होतो. माझा इतका हळू झाला की गॅलरीतलं ऊन उमटायच्या आत खरं ऊन उतरलं.

बाबा देवघरातून उदबत्ती घेऊन आले. मला वाटलं, आता हेच राहिलं होतं. पण त्यांनी पेटी कप्प्यातून टेबलावर घेतली आणि उदबत्ती मागच्या जाळीजवळ धरली. धूर बाहेर यायला हवा होता. तो जरासा बाहेर आला, घोटाळला, आणि वळून बाजूच्या भोकांतून पुन्हा आत गेला. बाबांनी उदबत्ती वर धरली, खाली धरली. धूर सगळीकडून आतच. मी पेटीचे दोन्ही पंखे हवा आत ओढतील असे बसवले होते, थंड हवा जितकी जास्त तितकं बरं म्हणून. गरम हवा बाहेर जायला ठेवलीच नव्हती कोणी जागा.

"कूलर लावून समोरची खिडकी बंद केली तर खोलीत काय होते?"

हे नागपूरच्या पोराला विचारायचा प्रश्न नाही. चिकचिक होते.

वरचा पंखा उलटा बसवला. पुन्हा चालू. आकडा ९५चा ९५च. बाबा हिरमुसले. पण वेग ३.९ वरून ४.२ गिगाहर्ट्झवर गेला होता. मी त्यांना सांगितलं, की जेवढी उष्णता आपण काढतो, तेवढं जास्त काम करून हा पुन्हा ९५ला जाऊन बसतो.

"सरकारी खात्यातला नाही हा," बाबा म्हणाले.

शेवटी भाच्यानंच फोनवरून मार्ग सांगितला. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, वीज कमी खाणारा इको मोड असतो. ६५ वॅटवाला निवडला की प्रत्यक्षात ८८च्या वर जात नाही. निवडला. तापमान ७६वर थांबलं, मिक्सर थांबला, घरात इतकी शांतता पसरली की आई बघायला आली. आणि आधी अठरा मिनिटांत होणारं चित्र वीस मिनिटांत झालं. म्हणजे जी वीज उडवून मी तीन आठवडे आणि पंख्याची झोप घालवली, ती दोन मिनिटांसाठी होती. याच प्रोसेसरचा बारा कोअरचा धाकटा भाऊ रायझन ९ ७९०० मुळातच ६५ वॅटचा येतो, खोक्यात कूलरसकट. हे वाचून मी कपाळावर हात मारला. मग त्या कूलरची उंची वाचली. पंचावन्नमध्ये तोही मावत नाही. जरा बरं वाटलं.

मे उजाडला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधीच खोली चाळीसला पोचली आणि ७६चे ८६ झाले. मी आकड्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात मागे खरखर झाली. बाबा आणि शेजारचे काका मिळून मागच्या खोलीतला पत्र्याचा कूलर ओढत आणत होते. नव्या ताट्या, खसचा वास, वर गंज झाकायला हिरवा रंग. खिडकीशी बसवला, पाणी भरलं, समोरचं दार उघडं ठेवलं. तासाभरात खोली एकोणतीस, प्रोसेसर ७५.

"सांगितलं होतं ना, पत्र्याचाच घे," काका म्हणाले.

बायको दारात उभी. तिच्या आणि कप्प्याच्या मध्ये आता चार फुटी कूलर उभा होता. मुलीचं टेबल त्यानं भिंतीला लावलं होतं, आणि तिचे पाय खुर्चीवर वर घेतलेले होते.

"आणि हा किती लिटरचा?" तिनं विचारलं.

"टाकी साठची आहे," बाबा बादली घेऊन येत म्हणाले. "पण रोज दोनदा भरावी लागते."