वॉटाघाटी

माझे जुने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारी पाटी, फार गुणी होते. २०१६ साली बाजारात आलेले ते जीटीएक्स १०५० टीआय मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीच्या, खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटांवर गुजराण करीत असे. त्याला वरून वेगळी वायर लागत नसे, आणि वाढप्याने आग्रह केला की ताटावर दोन्ही हात आडवे धरणाऱ्या पाहुण्यासारखे ते शेवटपर्यंत वागले. नव्या खेळांपुढे मात्र त्याचे काही चालेना. शत्रू समोर आल्याचे पडद्यावर दिसेपर्यंत मी मेलेला असे. तेव्हा भाच्याच्या एका मित्राने वापरलेले आरएक्स ६७०० एक्सटी मी त्याच्याकडून विकत घेतले, आणि घरात वेगळ्या प्रकृतीचा पाहुणा आला. या कार्डाची भूक २३० वॉटांची आहे. खाचेतून येणारे ७५ वॉट त्याच्या दाढेलाही पुरत नसल्यामुळे त्याला एक आठ पिनांचे आणि एक सहा पिनांचे अशी आणखी दोन तोंडे दिलेली आहेत, आणि त्या दोन्हींत घालायला माझ्या कॅबिनेटमध्ये एकही वायर नव्हती.

“मामा, तुमचा एसएमपीएस कितीचा आहे?” भाच्याने फोनवर विचारले.

हा प्रश्न मला आठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. संगणकाला वीज पुरवणाऱ्या त्या डब्याला पुस्तकांत काहीही म्हणोत, आपल्याकडे विकणारा, जोडणारा आणि दुरुस्त करणारा असे तिघेही त्याला एसएमपीएसच म्हणतात, आणि माझ्यासारख्या बहुतेकांच्या घरी तो कॅबिनेटबरोबर फुकट, म्हणजे फ्रीजबरोबर येणाऱ्या बर्फाच्या ट्रेसारखा, आलेला असतो. मी झाकण काढले, मोबाईलचा उजेड पाडला आणि जुन्या टूथब्रशने धूळ झाडून त्याच्या कुशीवरचे लेबल वाचले. वर बोटाएवढ्या अक्षरांत ‘४५० वॉट’ असे होते. खाली मुंगीच्या पावलांच्या अक्षरांत एक तक्ता होता, आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असा आकडा होता. भाच्याने तोच आकडा वाचायला लावला, व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट येतात असे सांगितले, आणि बारा सोळे एकशे ब्याण्णव हा पाढा मी फोनवर मोठ्याने म्हटला. कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही बारा व्होल्टवरच जेवतात, तेव्हा साडेचारशे ही जाहिरात होती आणि कामाचे वॉट १९२ होते. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. सुपर बिल्टअप आणि कार्पेट यांतला फरक मला पूर्वी एकदा, रजिस्ट्रेशन झाल्यावर, समजलेला आहे.

नवा एसएमपीएस घ्यायचा हे ठरले. कितीचा घ्यायचा हा प्रश्न मी केवळ गणिताचा समजत होतो. कार्डाचे २३०, माझ्या रायझन ५ ३६०० या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ असले तरी जोर लावल्यावर तो खाईल ते ८८, मदरबोर्ड, पंखे, डिस्क आणि किरकोळ यांचे ५०. एकूण ३६८. म्हणजे ४०० पुरावेत, असे मी हिशेबाच्या वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कार्ड बनवणाऱ्यांचा सल्ला मात्र ६५० चा होता, आणि त्याला कारणही होते. कार्ड सरासरीने २३० खात असले तरी पडद्यावर स्फोट वगैरे झाला की काही मिलिसेकंदांपुरते ते एकदम कितीतरी वर उसळते, आणि एसएमपीएस तोकडा असेल तर त्याला शॉर्टसर्किट झाल्याचा भास होऊन तो स्वतःला बंद करून घेतो. शिवाय अर्ध्याच्या आसपास भार असला की तो सर्वांत काटकसरीने चालतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर शनिवार वाचला असता. पण मी इतरांचे मत विचारले. भाच्याने ८५० सांगितले, कारण पुढच्या कार्डाची सोय आत्ताच करून ठेवली पाहिजे. मागच्या कार्डाचे पैसे मी अजून सौभाग्यवतींना पूर्ण सांगितले नव्हते. वीज खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका जिन्यात भेटले आणि आकडा ऐकून तिथेच थबकले. “अहो, ७४६ वॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर. तुम्ही घरात खेळ खेळताय की विहिरीवर पंप बसवताय?” सौभाग्यवतींना हॉर्सपॉवरशी कर्तव्य नव्हते. त्यांनी ओट्यावरच्या मिक्सरकडे बोट दाखवून तो साडेसातशे वॉटचा असल्याचे आणि त्यातून निदान चटणी तरी निघत असल्याचे नमूद केले, आणि दर महिन्याच्या बिलात हे साडेआठशे कोणाच्या नावे धरायचे ते विचारले. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून आपण रोज हजार लिटर पाणी वापरत नाही, तसेच संगणकाला लागेल तेवढीच वीज हा डबा घेतो, असे मी समजावून सांगितले. टाकी दोन महिने गळते आहे, याची आठवण मला त्याच वेळी करून देण्यात आली.

आकड्यांतून सुटलो तो धातूंत अडकलो. एसएमपीएसच्या खोक्यांवर ‘८० प्लस’ हा शिक्का येतो आणि त्याचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे चढते वर्ग आहेत, त्यामुळे आपण संगणकाचे सामान घेतो आहोत की लग्नाची खरेदी करतो आहोत, हे काही वेळाने कळेनासे होते. शिक्क्याचा अर्थ साधा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. व्होल्टेज स्थिर राहील का, बिघाड झाल्यास डबा एकटा मरेल की कार्डालाही सती नेईल, यांविषयी तो शिक्का अवाक्षर काढत नाही. अर्ध्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्के आणि गोल्डची ९० धरली, तर खेळताना लागणाऱ्या ३०० वॉटांसाठी एक ३५३ ओढणार आणि दुसरा ३३३. रोज तीन तास खेळलो (हा आकडा मी घरात मोठ्याने उच्चारला नाही) तर महिन्याला १.८ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर अठरा रुपये. ब्राँझ आणि गोल्ड यांच्या किमतींत अडीच हजारांचे अंतर होते, आणि ते भरून निघायला साडेअकरा वर्षे लागणार होती.

शनिवारी सकाळची गाडी धरून दादर आणि तिथून लोकलने ग्रँट रोड असा मी लॅमिंग्टन रोडला पोचलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे होऊन जमाना लोटला, परंतु त्या नावाने पत्ता विचारला की लोक आपल्याला पोस्टमन समजतात. दुकानदाराने पहिल्यांदा कार्ड विचारले, मग प्रोसेसर, आणि मग पथ्यपाणी सांगणाऱ्या वैद्याच्या स्वरात “साडेसहाशे” एवढेच म्हणाला. तीन दिवसांच्या वाटाघाटी त्याने तीन सेकंदांत मिटवल्या. मग त्याने ब्राँझ माझ्या एका हातात दिला, गोल्ड दुसऱ्या हातात दिला आणि “वजन बघा” म्हणाला. मी दोन्ही हात वरखाली केले. कलिंगड घेतानाही मी असेच करतो, आणि ते पांढरे निघते. जड डब्यात तांबे आणि ॲल्युमिनियम जास्त असते हे खरे असले, तरी माझ्या मनगटाला त्यातले काही कळले असेल असे मला वाटत नाही. ब्राँझला पाच वर्षांची वॉरंटी होती आणि गोल्डला दहा. साडेअकरा वर्षांनी वसूल होणाऱ्या फरकावर दहा वर्षांची हमी मिळते, एवढ्या बळावर मी गोल्ड घेतला.

घरी येऊन जुना डबा काढला. त्याच्या वायरी वाया घालवू नयेत असे मला मनापासून वाटत होते. पण सुट्या वायरींच्या डब्याकडील टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे परकी वायर खाचेत छान बसते आणि आतला ऐवज जाळते, हे भाच्याने तीनदा बजावले होते. प्रोसेसरचीही वायर आठ पिनांची आणि कार्डाचीही आठ पिनांची. एक चार-चार अशी दुभंगते आणि दुसरी सहा-दोन अशी. ते लक्षात येईपर्यंत मी पहिली कार्डात घुसवण्यासाठी अंगठ्याचे नख गमावले होते. अखेर सारे जोडून बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. कार्ड उपसून पुन्हा बसवले, रॅम काढून घातली, देवघराकडे पाहिले आणि भाच्याला फोन लावला.

“मामा, एसएमपीएसच्या मागचं बटण चालू केलंय का?”

त्या रात्री खेळातल्या झाडाचे पान आणि पान वेगळे दिसत होते, आणि सोळाव्या मिनिटाला वीज गेली. वीज गेली की बॅटरीवर संगणक चालवणारा माझा यूपीएस ६०० व्हीएचा (म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा), पण प्रत्यक्षात ३६० वॉटचा आहे. संगणकाचे ३३३ आणि मॉनिटरचे ३० मिळून त्याच्यावर ३६३ पडले. त्याने एक लांबलचक किंकाळी फोडली आणि प्राण सोडला. सौभाग्यवती मेणबत्ती घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“आता हे किती वॉटचं आणायचं?”

“नाही,” मी म्हणालो, “हे व्हीएमध्ये असतं.”