भिंगाची मर्जी

मी कलावंत आहे का, यावर आमच्या घरात एकमत नाही. मात्र मी कसला कलावंत आहे, हे गळ्यात कोणता कॅमेरा अडकवलाय त्यावर ठरतं, याबद्दल कुणाचाच वाद नाही.

सुरुवात झाली तेव्हा बडोद्याला तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने. फोकस कारखान्यातच कायमचा लावून दिलेला. उजेड भरपूर लागायचा, म्हणून सूर्य माझ्या पाठीशी आणि समोरच्यांच्या डोळ्यांत. त्या अल्बमातले आमचे यच्चयावत नातेवाईक नुकताच अपमान झाल्यासारखे डोळे बारीक करून उभे आहेत. एका रोलमध्ये फोटो बाराच, त्यामुळे बटण दाबण्याआधी नातं मोजावं लागायचं. सख्खे-चुलत यांच्यापुरता रोल पुरायचा, पुढच्यांना नुसता नमस्कार.

मग एकावर एक दोन भिंगं असलेला जुना यशिकामॅट हाती आला आणि माझी दृष्टी एकदम पोटाच्या पातळीवर उतरली. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून दुधी काचेत डोकवायचं असतं. काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे पळतो, त्याच्यामागे कॅमेरा फिरवावा तर आणखीच लांब जातो. एका मुंजीत बटूचा पाठलाग करता करता मी चुलीजवळ पोचलो. आचारी म्हणाला, "काका, मान खाली घालून काय उभे? जेवण राहिलंय का?" शिवाय वरच्या भिंगातून बघायचं आणि फोटो खालच्या भिंगाने काढायचा. अगदी जवळून काढलं तर दोघांत मतभेद होतात आणि टाळू उडते. पण खालून बघितल्यामुळे माणसं भव्य दिसतात, हे मान्य करायला हवं. आमचे मेहुणे त्या फोटोत चौकातल्या पुतळ्यासारखे आलेत आणि तेव्हापासून वागतातही तसेच.

डिजिटल आल्यावर मी पन्नास मिलिमीटरचं, मोठ्या तोंडाचं १.८ भिंग घेतलं. स्वस्त, हलकं, आणि मागचं सगळं लोण्यासारखं धूसर करणारं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी, लहान, म्हणून ते भिंग ८० मिलिमीटरचं असल्यासारखं वागतं, म्हणजे समोरचं जास्तच जवळ ओढतं. घरात कुणाचा फोटो काढायचा तर मागे सरकत सरकत बाल्कनीचा कठडा पाठीला लागतो. दीड मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. सासूबाई लख्ख आल्या. शेजारी वीतभर मागे बसलेले सासरे विरघळून गेले. सासूबाईंनी तो फोटो फ्रेम करून घेतला.

बायकोला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे उभं केलं, तोही त्याच काळात. फोटो बघून ती म्हणाली, "अहो, दरवाजा कुठाय?"

"मागे तपकिरी दिसतंय ना, तो."

"मग रिक्षाने इतक्या लांब कशाला आलो? हे आपल्या कपाटापुढे निघालं असतं."

आता सगळे मोबाइलवाले झालेत. मोबाइलचं मुख्य भिंग चांगलंच रुंद, चौकटीच्या कडेला आलेलं सगळं ताणतं. ही गोष्ट घरातल्या बायकांना भौतिकशास्त्र न शिकता कळली आहे. ग्रुप फोटोला आवाज दिला की दोन्ही टोकं रिकामी आणि मधे रेटारेटी. शेवटी टोकाला घरच्या सुना उभ्या राहतात किंवा तक्रार करता न येणारी तान्ही मुलं. माझा स्वतःचा कलाविचार मोबाइलमुळे एवढाच उरलाय की, नंतर छाटू.

म्हणून सध्या मी पक्ष्यांकडे वळायचं ठरवतोय. लांबचं जवळ ओढणारं सहाशे मिलिमीटरचं भिंग बघून ठेवलंय. किंमत सांगितल्यावर घरात जी शांतता पसरली, ती मी छायाचित्रकाराच्या धीराने काढली.

"त्याने माणसांचे फोटो निघतात का?" बायकोने विचारलं.

"निघतात की! फक्त तू डोक्यापासून पायापर्यंत मावायला हवी असशील तर मधे पंचेचाळीसेक मीटर अंतर लागेल. म्हणजे मी आपल्या गच्चीवर आणि तू समोरच्या सोसायटीच्या."

तिने थोडा विचार केला. "घ्या," ती म्हणाली.