झेंडूखालचं पिवळं पाकीट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या काचेवर, झेंडूच्या माळेखाली, एक पिवळं पाकीट चिकटवलेलं दिसलं. सासूबाईंना वाटलं, शेजाऱ्यांनी शुभेच्छापत्र ठेवलंय. "उघड गं, काय दिलंय बघू."

दिलं काहीच नव्हतं, मागितलं होतं. १०० पौंड. चौदा दिवसांत भरले तर ६०.

मागणारी, आवारातलं पार्किंग बघणारी खाजगी कंपनी. कारण काय, तर लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या बिल्डिंगच्या आवारात गाडी 'परमिट न लावता' उभी होती. उभी कुठे, तर आमच्याच जागेत. भाडेकरारात नंबर घालून दिलेल्या! आपल्याच दारात चपला काढल्या म्हणून कुणी पावती फाडावी, तसलाच प्रकार.

परमिट गाडीतच होतं. सासूबाई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आल्यात. दसऱ्याला त्यांनी गाडी धुतली, पुसली, हळदीकुंकू वाहिलं. (स्वस्तिक मात्र मी काढू दिलं नाही, इथे त्याचा भलताच अर्थ लावतात. ॐवर तडजोड झाली.) पुसता पुसता डॅशबोर्डवरचा तो कागद त्यांनी घडी घालून कप्प्यात ठेवला. "महत्त्वाचा दिसला. उन्हानं पिवळा पडला असता." ऊन! ऑक्टोबरात, स्लाऊत!

नवरा म्हणाला, "साठ भरून मोकळी हो." खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काही भरायचं नाही, फाडून टाक." काकांचं ज्ञान जुनं. चेम्सफर्डच्या कार पार्कमधल्या ८५ पौंडांसाठी एक गृहस्थ थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०१५ साली हरले, तेव्हापासून 'फाडून टाक'ला काही अर्थ उरलेला नाही. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, ती पेनल्टी चार्ज नोटिस, खाजगी कंपनीची ती पार्किंग चार्ज नोटिस. दोन्हींची आद्याक्षरं पीसीएनच, म्हणजे घाबरायचं ते माणूस सारखंच घाबरतं. कंपनीचा असतो तो खरं तर दंड नव्हेच. पाटीवरच्या अटी तुम्ही मान्य केल्यात आणि मोडल्यात, असा तो हिशेब. २०१२ पासून खाजगी जागेत चाकाला कुलूप घालायची त्यांना बंदी आहे, तेव्हा आता सगळी मदार पत्रांवर.

मग मीही पत्र लिहायला बसले. अपिलाला २८ दिवस असतात, मला त्यातले तीन एकाच वाक्यापायी लागले. 'परमिट माझ्या सासूबाईंनी आत ठेवलं.' खरं होतं, पण वाचणाऱ्याला वाटणार, आली आणखी एक सून सासूवर ढकलायला! 'घरातील एका ज्येष्ठ सदस्याने' लिहिलं, तर ते ग्रामपंचायतीच्या ठरावासारखं वाटायला लागलं. शेवटी 'साफसफाईत परमिट आत ठेवलं गेलं' असं लिहिलं. कर्मणी प्रयोग शाळेत कशाला शिकवतात, ते तेव्हा कळलं. सोबत परमिटचा फोटो, भाडेकराराचं पान, आणि 'करारात जागा आमची आहे, कागद काचेला लावायची अट कुठेच नाही' हे ठसठशीत.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. परमिट वैध होतं हे मान्य, ते दिसत नव्हतं हेही खरं, तेव्हा तुमच्यासाठी फक्त २० पौंड.

"दोन हजारांच्या वर झाले की गं!" सासूबाईंचं गणित पौंडावरून रुपयावर पापणी लवायच्या आत येतं. "स्वतःच्या जागेचे? एक पैसा द्यायचा नाही." आणि थोडं थांबून, "मीच ठेवला म्हणून सांग त्यांना. मी येते हवं तर बोलायला."

त्यांना न्यायची वेळ आली नाही. या कंपनीने पूर्ण माफ केलं नाही, तर पॉपलाकडे, म्हणजे खाजगी पार्किंगची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, दाद मागता येते. ते फुकट असतं, आणि त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. हरले असते तर २० ची सवलत गेली असती, पूर्ण १०० मागितले असते. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी तेच पत्र, त्याच कर्मणी प्रयोगासकट, पुढे पाठवलं. काही दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला: कंपनी हे प्रकरण लढवू इच्छित नाही, नोटिस रद्द.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांनी पुरावा म्हणून फोटो काढलेत म्हणालीस ना? दाखव बघू."

कंपनीच्या वेबसाइटवर अजून होते. एकूण सहा. सकाळचं कोवळं ऊन, धुतलेलं बॉनेट, माळेतलं एकेक फूल वेगळं दिसतंय, ॐचं कुंकू जरासं ओघळलेलं. आमच्या फोनवरच्या दसऱ्याच्या फोटोत नवऱ्याचा अंगठा आलाय.

त्यातला चौथा फोटो सांगलीच्या ग्रुपवर गेला. दोनच मिनिटांत मावशींचं उत्तर: "छान आलाय गं. फोटोग्राफरला किती दिले?"